‘किती’ एकच, इंग्रजीत दोन



मराठीत आपलं काम एका शब्दावर भागतं, तो शब्द म्हणजे ‘किती’. दूध किती घातलं, म्हशी किती आहेत, पापड किती लाटले, पीठ किती उरलं, सगळीकडं ‘किती’च. इंग्रजीत मात्र तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं की विचारतोय ते मोजून सांगायचं आहे की मापून. मोजून असेल तर ‘हाऊ मेनी’, मापून असेल तर ‘हाऊ मच’. आजच्या भागात आपण एवढीच गोष्ट घेणार आहोत.

आम्ही गटांच्या समन्वयक तालुक्यात फिरतो तेव्हा बायका सांगतात, “ताई, इंग्रजी बोलायची हौस नाही, पण अडतं.” कुठं अडतं? पाकिटाच्या लेबलावर, बँकेच्या अर्जावर, मोबाईलवर आलेल्या ऑर्डरीत, मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात स्टॉलसमोर उभं राहिलेल्या गिऱ्हाइकापुढं आणि पोरांच्या गृहपाठात. राज्यात मराठी शाळांमध्ये 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्याआधी ते पाचवीपासून असायचं. म्हणजे आपल्या गटात बसलेल्या सासूबाईंचं आणि सुनेचं इंग्रजी वेगवेगळ्या वयात सुरू झालेलं आहे. पण मच-मेनीत दोघीही अडखळतात, कारण घरात दोघी एकच ‘किती’ वापरतात.

आता पहिली गोष्ट. ही समज आपल्याकडं नाही असं कुणी समजू नये. दूध, तेल, पीठ, मीठ, साखर या वस्तू आपणसुद्धा एक, दोन, तीन करत नाही. ‘दोन पीठ द्या’ असं कुणी म्हणत नाही. दोन वाट्या पीठ, चिमूटभर मीठ, पसाभर शेंगा, ओंजळभर पाणी, घोटभर चहा असं म्हणतो. शाळेत समूहाचे शब्द पाठ केलेले आठवतात का? भाकऱ्यांची चवड, केळ्यांचा घड, नोटांचं पुडकं, उसाची मोळी. त्यात भर म्हणून आपल्या रोजच्या बोलण्यातली मेथीची पेंडी, वैरणीचा भारा, गुळाचा रवा. (गुळाचा रवा म्हटल्यावर बाहेरगावचा माणूस उपमा करायला निघतो, ते वेगळं.) आजीच्या तोंडी अजून अधोली-पायली आहे, दोन शेरांची अधोली आणि चार शेरांची पायली. किलो-लिटर 1958 सालानंतर आले, तरी पायली काही घरातून गेली नाही. सांगायचा मुद्दा असा की जे मोजता येत नाही त्याला भांडं, मूठ नाहीतर गठ्ठा लावून मोजायचं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. इंग्रजीतही तेच करतात.

शिरोळच्या माणसाला तर याचं उदाहरण दुसरीकडं शोधायला नको. आपल्या तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्या. 2005, 2019 आणि 2021 ला आपण काय पाहिलं ते सांगायला नको. पाणी कुणाला मोजता येतं का? नाही. म्हणून आपण फूट मोजतो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा पातळी आणि 43 फुटाला धोका पातळी, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. धरणातलं पाणी टीएमसीत आणि सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये. पाणी म्हणजे ‘वॉटर’, म्हणून ‘हाऊ मच वॉटर’. फूट मात्र एक, दोन, तीन करता येतात, म्हणून ‘हाऊ मेनी फीट’. वस्तू तीच, पण माप लावलं की प्रश्न बदलला.

पुरात बाहेरून मदत येते, फोनवर कुणीतरी विचारतं की काय हवं आणि किती हवं. ‘फूड, वॉटर’ एवढंच सांगितलं तर समोरच्याला अंदाज येत नाही. ‘टू हंड्रेड बॉटल्स ऑफ वॉटर’, ‘फिफ्टी ब्लँकेट्स’ असं सांगितलं की गाडी भरता येते. किती माणसं अडकली आहेत असं विचारलं तर ते ‘हाऊ मेनी पीपल’. ‘पीपल’ला शेवटी ‘एस’ लागत नाही, पण तो शब्द मोजायच्या बाजूचाच आहे.

इथं एखादी शेतकरीण मैत्रीण म्हणेल, “ओ ताई, आम्ही पाणी मोजतो की! उसाला चार पाणी दिली.” बरोबर आहे. पण तिथं तुम्ही पाणी मोजत नाही, पाळ्या मोजता. हॉटेलात ‘दोन चहा’ म्हणतो तेव्हाही चहा नाही, कप मोजतो. इंग्रजीतही ‘टू टीज’ म्हणतातच.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. मोजायचं की मापायचं हे वस्तूवर जितकं अवलंबून आहे, तितकंच आपण तिच्याकडं कसं बघतो यावर आहे. झाडाला कैऱ्या लागल्या, दहा कैऱ्या काढल्या. लोणचं घातल्यावर आपण काय म्हणतो? “यात कैरी कमी आणि तेल जास्त झालं.” तेव्हा कैरी एकेक राहिली नाही, ती फोड होऊन गेली. वर्षाची चटणी करताना मिरच्या निवडतो, पण चटणी झाल्यावर “मिरची जास्त पडली” म्हणतो. इंग्रजीत अगदी असंच. झाडावरच्या ‘मेनी मँगोज’, लोणच्यातला ‘टू मच मँगो’. शिवणकामाच्या गटाला तर याहून सोपं. कापड मीटरवर घेतो, म्हणून ‘हाऊ मच क्लॉथ’. कपडे नगावर मोजतो, म्हणून ‘हाऊ मेनी क्लोद्स’. कापड आणि कपडे हा फरक मराठीत तुम्ही कधी चुकलात का? मग तिथंही चुकणार नाही.

चुकतो ते दुसरीकडं. मराठीची वाट आणि इंग्रजीची वाट जिथं फुटते तिथं. या जागा थोड्याच आहेत, पण नेमक्या आपल्या रोजच्या कामातल्या आहेत.

त्यातली पहिली जागा पैशाची. गटाच्या बैठकीत आपण दर महिन्याला पैसे मोजतो. मराठीत ‘पैसे’ अनेकवचनी, मग बायका बिनधास्त ‘हाऊ मेनी मनी’ म्हणतात. तसं चालत नाही. (आपल्याकडं मनी म्हणजे मांजर, तिला हवं तितकं मोजा.) पण “पैसे मोजतो तर मनी मोजता का येत नाही?” हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर आपल्याच भाषेत आहे. मराठीत दोन शब्द आहेत, पैसे आणि पैसा. पैसे म्हणजे हातातली नाणी-नोटा. 1957 पासून रुपयाचे 100 पैसे झाले, त्याआधी 64 होते, तेही मोजायचेच. आणि “त्यांच्याकडं लई पैसा आहे” म्हणतो तेव्हा? तो पैसा कुणी मोजत नाही. दूध-तेलासारखा तो जास्त असतो नाहीतर कमी असतो. इंग्रजीतलं ‘मनी’ म्हणजे आपलं ‘पैसे’ नव्हे, आपलं ‘पैसा’. एवढं डोक्यात बसलं की ‘मच मनी’ आपोआप तोंडात येतं. मोजायचे असतील तर रुपये मोजा, नोटा मोजा. ‘हाऊ मेनी रुपीज’, ‘हाऊ मेनी नोट्स’.

म्हणूनच स्टॉलवर कुणी नुसतं ‘हाऊ मच?’ विचारलं तर ते किंमत विचारतंय हे ओळखायचं. त्याला किती पाकिटं हवीत ते सांगत नाही, भाव विचारतंय. आणि तुम्हाला विचारायचं असेल की किती पाकिटं देऊ, तर ‘हाऊ मेनी पॅकेट्स?’ सुटी चटणी किंवा तूप असेल तर ‘हाऊ मच डू यू वॉन्ट?’ हे तीन प्रश्न पाठ असले तरी प्रदर्शनाचे दिवस सुखानं जातात.

बँकेच्या अर्जात हीच गोष्ट दुसऱ्या वेषात येते. नाबार्डनं 1992 साली गट बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून अर्ज, ठराव, फॉर्म हे आपल्या मागं लागलेलेच आहेत. त्यात दोन शब्द वारंवार दिसतात, ‘नंबर’ आणि ‘अमाउंट’. नंबर मोजायच्या गोष्टींचा, म्हणजे सभासद किती, बैठका किती, हप्ते किती. अमाउंट मापायच्या गोष्टीची, म्हणजे रक्कम. कर्जाचं तसं गमतीशीर आहे. ‘लोन’ मोजता येतं, एका गटानं तीन वेळा घेतलं तर ‘थ्री लोन्स’. व्याज मात्र मोजता येत नाही, ‘हाऊ मच इंटरेस्ट’. आणखी एक. ‘नंबर’ हा शब्द बऱ्याचदा आखूड करून ‘एन’ आणि ‘ओ’ एवढाच छापलेला असतो. ते वाचून काही जणी ‘नो’ म्हणजे ‘नाही’ समजतात आणि रकाना कोरा सोडतात. ते ‘नाही’ नाही, ते ‘संख्या’ आहे. तिथं आकडा लिहायचा.

पैशानंतर धान्य. “तांदूळ संपले, पोहे संपले, गहू आले” असं आपण अनेकवचनात बोलतो, पण “ज्वारी आली, साखर संपली, डाळ शिजली” एकवचनात. गव्हाचा दाणा ज्वारीच्या दाण्यापेक्षा काही मोजायला सोपा नाही, मग असं का? याला कारण विचारू नका, भाषेची सवय आहे. इंग्रजीची सवय अशी की ‘राइस’ आणि ‘व्हीट’ दोन्ही मापायच्या बाजूला. ‘मेनी राइस’ नाही, ‘मच राइस’. शेंगदाणे मात्र मोजायच्या बाजूला, ‘मेनी पीनट्स’. माळवं विकणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं की ‘व्हेजिटेबल्स’ मोजायचे. कृष्णाकाठची वांगी, टोमॅटो, कांदे, बटाटे सगळे मोजायचे.

मग काही शब्द असे की मराठीत खुशाल अनेकवचन होतं आणि इंग्रजीत होतच नाही. बातम्या, सल्ले, दागिने, कामं. इंग्रजीत ‘न्यूज’, ‘ॲडव्हाइस’, ‘ज्वेलरी’, ‘वर्क’ हे चारही मापायचे. ‘न्यूज’च्या शेवटी ‘एस’ दिसतो तो फसवा. “आज मला खूप कामं आहेत” याचं ‘मेनी वर्क्स’ करू नका, ‘अ लॉट ऑफ वर्क’ म्हणा. दागिन्यांच्या गटानं ‘ज्वेलरीज’ लिहू नये, ‘पीसेस ऑफ ज्वेलरी’ लिहावं. माहिती आणि सामान मराठीतही मोजत नाही, त्यामुळं ‘इन्फर्मेशन’ आणि ‘लगेज’ला ‘एस’ लावायचा मोह होऊ नये, तरी होतो.

केसाचं नीट ऐका, कारण ते खाद्यपदार्थ करणाऱ्या गटांच्या कामाचं आहे. डोक्यावरचे केस मराठीत अनेकवचनी, इंग्रजीत ‘हेअर’ मापायचा शब्द, त्याला ‘एस’ नाही. पण एकच केस सुटा सापडला तर तो मोजता येतो, ‘अ हेअर’. गिऱ्हाइकानं मोबाईलवर ‘अ हेअर’ असं लिहून फोटो पाठवला तर समजायचं की पाकिटात केस निघालाय. उत्तर लगेच द्या आणि डोक्याला टोप्या घालायचा ठराव पुन्हा एकदा वाचून काढा.

याच्या उलटही आहे. आपली कात्री एक, चष्मा एक, पँट एक. इंग्रजीत हे तिन्ही कायम अनेकवचनी, कारण त्यांना दोन पाती, दोन काचा, दोन पाय. मोजायचे तर जोडीनं, ‘टू पेअर्स ऑफ सीझर्स’ म्हणजे दोन कात्र्या. सामानाची यादी देताना ‘टू पेअर्स’ वाचून चार कात्र्या धरू नका.

आता ज्याच्यामुळं हा भाग करायचं ठरलं ते सांगतो. आपल्या तालुक्यातल्या एका गटाला बंगळुरूहून मोबाईलवर विचारणा आली की नाचणी पापडाची पाकिटं शिल्लक आहेत का. गटात चाळीस-एक पाकिटं होती. त्यांनी लिहिलं, ‘वी हॅव फ्यू पॅकेट्स’. त्यांना म्हणायचं होतं की थोडी आहेत, सांगा, पाठवतो. समोरून ‘ओके, थँक्स’ आलं आणि ऑर्डर आलीच नाही. का? कारण ‘फ्यू’ म्हणजे ‘थोडीच आहेत, नसल्यासारखीच’. आणि ‘अ फ्यू’ म्हणजे ‘थोडी आहेत की’. एवढ्याशा ‘अ’नं माल घरात राहिला.

हा फरक इंग्रजी पुस्तकात अवघड करून सांगतात, पण मराठीत तो आपण एका ‘च’नं करतो. “पाहुणे आले, दूध थोडं आहे” म्हणजे चहा होईल. “दूध थोडंच आहे” म्हणजे शेजारी भांडं घेऊन पळा. आपण कमीपणा दाखवायला ‘च’ लावतो, इंग्रज कमीपणा दाखवायला ‘अ’ काढून टाकतात. मोजायच्या वस्तूला ‘अ फ्यू’ आणि ‘फ्यू’, मापायच्या वस्तूला ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’. ‘अ लिटल मिल्क’, थोडं दूध आहे. ‘लिटल मिल्क’, थोडंच आहे. माल विकायचा असेल तेव्हा ‘अ’ विसरायचा नाही. आमचं मत विचाराल तर ऑर्डरीत हे दोन्ही शब्द टाळावेत आणि सरळ आकडा द्यावा, ‘फॉर्टी पॅकेट्स’. आकड्यात गैरसमज होत नाही.

बोलताना मच की मेनी सुचलंच नाही तर काही शब्द दोन्हीकडं चालतात. ‘अ लॉट ऑफ’ हा सगळ्यात भरवशाचा. ‘अ लॉट ऑफ पापड’, ‘अ लॉट ऑफ ऑइल’, दोन्ही बरोबर. ‘सम’, ‘मोअर’, ‘इनफ’ हेही तसेच. खरं तर साध्या होकारार्थी वाक्यात ‘मच’ कानाला थोडं खटकतंच. ‘वी हॅव मच राइस’ असं फारसं कुणी बोलत नाही, ‘अ लॉट ऑफ राइस’ म्हणतात. मच आणि मेनी हे जास्त करून प्रश्नात आणि नकारात लागतात. पोरांच्या गृहपाठात मात्र गाळलेल्या जागेत नेमकं एकच उत्तर हवं असतं. तिथं पुढच्या शब्दाला ‘एस’ लागलाय का ते बघायला सांगा. लागला असेल तर बहुतेक वेळा मेनी. ‘पीपल’, ‘चिल्ड्रन’ आणि मघाची ‘न्यूज’, एवढ्यांवर डोळा ठेवायचा.

माप लावून बोलताना आपली एक सवय आड येते. आपण ‘दोन किलो तांदूळ’, ‘तीन ग्लास दूध’ म्हणतो. मधे काही लागत नाही, आणि किलोचं ‘किलो’च राहतं, ग्लासचं ‘ग्लास’च. इंग्रजीत मधे ‘ऑफ’ हवा आणि अनेकवचन भांड्याला, आतल्या वस्तूला नाही. ‘टू किलोज ऑफ राइस’, ‘थ्री ग्लासेस ऑफ मिल्क’. चिमूट म्हणजे ‘पिंच’, मूठ म्हणजे ‘हँडफुल’, केळ्यांचा घड आणि कोथिंबिरीची पेंडी दोन्ही ‘बंच’, नोटांचं पुडकं ‘बंडल’. आपल्या चवडीला मात्र त्यांच्याकडं तितका चांगला शब्द नाही, ‘स्टॅक’ म्हणून वेळ मारून न्यायची.

लेबलावर मात्र उलटं. बोलताना ‘किलोज’ म्हटलं तरी छापताना किलोचं चिन्ह ‘के’ आणि ‘जी’ एवढंच, ग्रॅमचं नुसतं ‘जी’. त्यापुढं ‘एस’ लावायचा नाही, वजन पाच किलो असलं तरी नाही. ‘जीएमएस’ असं छापलेली पाकिटं बाजारात दिसतात म्हणून आपणही तसंच छापावं असं नाही. पाकिटबंद मालावरची सक्तीची माहिती हिंदीत देवनागरी लिपीत किंवा इंग्रजीत असावी लागते. मराठी त्याच्या जोडीला लिहिता येते, पण नुसती मराठी पुरत नाही. म्हणून छापायला देण्याआधी गटातल्या दोघी-तिघींनी ते वाचून घ्यावं. छापणाऱ्याकडं जुन्या लेबलाचा नमुना असतो आणि त्यातली चूक पाकिटामागून पाकिटावर जाते. नगावर विकायच्या मालावर आकड्याशेजारी ‘एन’ किंवा ‘यू’ अक्षर दिसलं तर ते नगाचं.

बैठकांमधून एक प्रश्न नेहमी येतो, “आमच्या कुरडईला इंग्रजीत काय म्हणायचं?” कुरडईला कुरडईच म्हणायचं. तिला ‘राइस’ नाहीतर ‘व्हीट’ लावून नवं बारसं करायची गरज नाही. इंग्रजी बोलणारे ‘साडी’ला ‘एस’ लावून साडीज करतात, चपातीचं चपातीज करतात, तसं कुरडईचं कुरडईज होतं. ती मोजता येते, म्हणून ‘हाऊ मेनी कुरडईज’. तळताना तुटून चुरा झाला तर मात्र ‘हाऊ मच’, आणि तो चुरा विकायचा नाही, घरच्या पोरांना द्यायचा.

पुढच्या भागात पावती कशी लिहायची ते बघू. येताना आपल्या गटाचं एखादं जुनं लेबल आणि एक पावती सोबत ठेवा. नमस्कार.